एकाही सामन्यात न उतरलेली बॅट

मित्रांनो, मी एक जुनी, काठीसारखी बारीक बॅट आहे. बेसबॉलची. पण आयुष्यात एकाही सामन्यात मी उतरले नाही, आणि त्याचे मला कधी दुःखही झाले नाही. माझे काम सामन्याच्या आधीचे. प्रशिक्षक एका हाताने चेंडू वर उडवतो, माझ्याने टोला मारतो आणि झेल घेणाऱ्या मुलांकडे तो हवा तसा धाडतो. कुणाला सरपटत, कुणाला लांब, कुणाला उंच. अशा बॅटीला आमच्याकडे फंगो म्हणतात.

माझा जन्म नेब्रास्कातल्या प्लम क्रीक गावी अँटोन नावाच्या काताऱ्याच्या हातून झाला. टेबलांचे पाय आणि जिन्यांचे कठडे हा त्याचा धंदा. त्याचा जावई वेंडेल कुबिक. त्याला गावच्या कॉलेजात बेसबॉलच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून नोकरी लागली, तेव्हा अँटोनला ते मुळीच पटले नाही.

"घरची मक्याची शेती सोडून पोरांना चेंडू मारत बसणार? हे काय काम झालं?"

"आणि बाबा, तुम्ही जन्मभर लोकांच्या टेबलांना पाय लावत बसलात ते?" लोरीन म्हणाली. लोरीन म्हणजे त्याची मुलगी, वेंडेलची बायको.

"टेबलाला पाय लागतातच, पोरी."

पण थोड्याच दिवसांनी त्याने अ‍ॅशच्या झाडाची एक सरळ रेषांची फळी निवडली आणि मला कातायला घेतले. रविवारच्या जेवणाच्या वेळी त्याने मला जावयाच्या बशीशेजारी ठेवले आणि म्हणाला, "घे. टेबलाचा पाय करायला बसलो होतो. जरा लांब झाला."

त्यापुढे अँटोनने त्या नोकरीविषयी एक शब्द काढला नाही.

मित्रांनो, लहान कॉलेजचा प्रशिक्षक म्हणजे काय ते मी जवळून पाहिले आहे. मैदानाची माती वेंडेलच सारखी करायचा. चुन्याच्या रेषा तोच आखायचा. परगावी सामना असला की बस तोच चालवायचा, आणि मी त्याच्या आसनामागे उभी असायचे. मार्चमध्ये मैदानावर असा बोचरा वारा सुटे की मुलांचे कान लाल होत. वेंडेल मात्र मला हातात घेऊन तासन्‌तास टोले मारी. "पाय हलव, पाय! चेंडू तुझ्या घरी चहाला येणार नाही, तू त्याच्याकडे जा!" हे त्याचे ओरडणे पलीकडच्या मक्याच्या शेतापर्यंत ऐकू जाई.

हिवाळ्यात तो मला घरी नेई आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवून जवसाचे तेल चोळी. मग मुठीवरची जुनी पट्टी काढून नवी गुंडाळी आणि तिला राळ लावी, म्हणजे हात सुटत नाही. लोरीन म्हणायची, "या टेबलावर माझ्यापेक्षा तीच जास्त बसते."

"ती उलट बोलत नाही," वेंडेल म्हणायचा.

"तिला तुझे मोजे धुवावे लागत नाहीत."

आता माझ्या सर्वांत आवडत्या कामाविषयी सांगते. सामन्याआधीचा सराव संपताना एक शेवटचा चेंडू मारायचा असतो. तो कॅचरसाठी, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू पकडणाऱ्या गड्यासाठी. हा चेंडू पुढे जाता कामा नये. तो सरळ आभाळात जायला हवा आणि मारला तिथेच खाली यायला हवा. दिसते तितके सोपे नाही ते. पाहुणा संघ मुद्दाम बघायला उभा राहतो, आणि प्रशिक्षकाचा टोला हुकला तर शिट्ट्या मारतो. आमच्या कॉलेजची रीत अशी की या चेंडूआधी बाकी सगळी मुले धावत मैदानाबाहेर जायची. खाली उरायचे दोघेच, वेंडेल आणि कॅचर. वेंडेल म्हणायचा, "माझ्याकडे काय बघतोस? वर बघ."

एका वर्षी टॉबिन रीस नावाचा कॅचर आला. डुकरे पाळणाऱ्याचा मुलगा, अंगाने भरलेला, तोंडाने त्याहून भरलेला. पहिल्याच सामन्याआधी चेंडू त्याच्या खांद्यावर पडला.

"कोच, ऊन डोळ्यांत जातं!"

"ऊन सगळ्यांनाच असतं," वेंडेल म्हणाला.

"पण तुम्ही खाली बघता, कोच! वर मी बघतो!"

"म्हणून तर तू कॅचर आहेस."

उन्हाचे हे उत्तर वेंडेलने प्रत्येक कॅचरला दिले. पुढे तर ते कॉलेजात म्हणीसारखे झाले. परीक्षा अवघड गेली, थंडीत गाडी बंद पडली, मुलीने नकार दिला, की मुले एकमेकांना सांगत, "ऊन सगळ्यांनाच असतं."

आम्ही मोठे चषक जिंकले नाहीत. एकदा विभागाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि हरलो. वेंडेलने वाटेत बस थांबवून सगळ्यांना चेरी-पाय नावाचा, चेरी भरलेला गोड पदार्थ खाऊ घातला आणि म्हणाला, "खा. उद्या मैदान सारखं करायचंय." त्या मुलांतला एक पुढे गुरांचा डॉक्टर झाला, दोघे शाळेत शिक्षक झाले, एकाने बापाची शेती सांभाळली. ते आपल्या पोरांना घेऊन येत आणि मला हातात धरून म्हणत, "हिने मला धावायला शिकवलं बघ." असे कौतुक मला फार मिळाले.

उपेक्षाही मिळाली. मध्ये कारखान्यातली एक चकचकीत फंगो आली, तेव्हा मी चुन्याच्या पोत्यांमागे पडून राहिले. उंदरांनी माझी पट्टी कुरतडली. पण त्या नवीचे डोके एका थंड सकाळी चिरले आणि वेंडेल मला शोधत आला. "चल म्हातारे," एवढेच म्हणाला. मी रुसले नाही. ज्याच्याकडे काम आहे त्याने रुसू नये.

मग वेंडेल म्हातारा झाला. त्याच्या उजव्या खांद्याचे ऑपरेशन झाले, आणि त्यानंतर आमचा उंच चेंडू उंच जाईना. आमच्याकडची माणसे मायाळू आहेत. कुणाचे मन दुखेल असे तोंडावर बोलत नाहीत. चेंडू बुटका गेला की कॅचर धावत येऊन गुडघ्याशी पकडायचा आणि म्हणायचा, "छान, कोच!" टॉबिन तेव्हा वेंडेलचा मदतनीस प्रशिक्षक होता. एरवी त्याचे तोंड कधी बंद नसे, पण तोही "छान, कोच!" म्हणून जमिनीकडे बघायचा.

खरे बोलली ती लोरीन. तो मला तेल चोळत असताना म्हणाली, "तुझा चेंडू आता प्रेक्षकांच्या बाकांवरच्या छपराच्या वर जात नाही. ती बॅट टॉबिनला दे."

वेंडेलने चिंधी पुन्हा तेलात बुडवली. मग म्हणाला, "या हंगामानंतर सोडतोच आहे. शेवटच्या दिवशी एक उंच मारतो. पूर्वीसारखा. मग देतो."

तेवढी एकच इच्छा होती त्याची. आणि माझीही.

पण क्रीडा विभागाची प्रमुख ग्लेंडा हिच्या मनात काही वेगळेच होते. वेंडेलला निरोप देताना मला काचेच्या पेटीत घालून कॉलेजच्या दारात लावायचे तिने ठरवले होते. प्रेमानेच ठरवले होते. शेवटच्या आठवड्यात तिने मला गुपचूप उचलून नेले, मुठीवरची पट्टी सोलून काढली, राळ घासून काढली आणि डोक्यापासून पायापर्यंत व्हार्निश मारून घेतले. अखेरच्या सामन्याआधी तिने सगळ्यांसमोर मला निळ्या मखमलीतून वेंडेलच्या हाती दिले. पेटीत जाण्याआधी आजचा एक सराव, असे ठरले होते.

वेंडेलचा अंगठा माझ्या गुळगुळीत मुठीवरून फिरला. त्याला सगळे कळले. पण ग्लेंडाचे डोळे भरून आले होते.

"चमकतेय खरी," तो म्हणाला.

तिच्यादेखत मुठीला माती चोळणे त्याला बरे वाटले नाही. त्याने पहिला टोला मारला, आणि मी त्याच्या हातातून सुटून गरगरत पाहुण्या संघाच्या डगआउटसमोर, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेसमोर, जाऊन पडले. काय शिट्ट्या झाल्या! त्यांचा म्हातारा प्रशिक्षक मला घेऊन आला.

"कुबिक, इतक्या वर्षांत तू आमच्याकडे पहिल्यांदाच काही जोरात पाठवलंस."

सगळे मैदान हसले. वेंडेलही हसला. मग टॉबिनने मूठभर माती आणि वाळू घेऊन माझी मूठ खसाखसा घासली. ग्लेंडाने तोंडावर हात ठेवला. सराव नीट पार पडला. शेवटी मुले मैदानाबाहेर धावली आणि होमपाशी, म्हणजे फलंदाजाच्या जागेपाशी, वेंडेल आणि कॅचर उरले.

वेंडेलने चेंडू उडवला. मी जीव तोडून लागले. चेंडू मागच्या जाळीच्या उंचीपर्यंत गेला आणि खाली आला. कॅचरने पुढे झेपावून पकडला.

"छान, कोच!"

"छान, कोच!" बाकांवरून आवाज आले. जुने विद्यार्थी सगळे आले होते. ते टाळ्या वाजवू लागले.

वेंडेल उभा राहून त्या टाळ्या ऐकत होता. मग त्याने बायकोकडे पाहिले. ती एकटीच टाळ्या वाजवत नव्हती.

"टॉबिन," त्याने हाक मारली, "इकडे ये. ही धर."

"कोच, अजून एक मारा ना. वारा होता."

"वारा नव्हता. धर म्हणतो ना." मग तो कॅचरकडे वळला. "आणि तू तुझा ग्लव्ह दे."

वेंडेल माझ्यापासून दोन पावले मागे जाऊन उभा राहिला, कॅचरच्या जागी. टॉबिनने माझी मूठ घट्ट धरली.

"माझ्याकडे काय बघतोस, कोच?" टॉबिन म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वेंडेलला 'अरे-तुरे' केले. "वर बघ."

आणि आम्ही मारला. मित्रांनो, मी असा चेंडू कित्येक वर्षांत मारला नव्हता. तो छपराच्या वर गेला, झेंड्याच्या काठीच्या वर गेला आणि दिसेनासा झाला. वेंडेलने मान वर केली. एक पाऊल मागे गेला, एक पुढे आला, मग डोळे मिचकावत गोल फिरला.

"अरे, ऊन डोळ्यांत जातंय!" तो ओरडला.

मग बाकांवरून, जुने आणि नवे सगळे कॅचर एका आवाजात ओरडले, "ऊन सगळ्यांनाच असतं, कोच!"

चेंडू आला. वेंडेलने तो पकडला, पण पकडता पकडता मातीत बसलाच. बसूनच त्याने ग्लव्ह वर केला. हसून हसून त्याला उठता येईना. लोरीन आता टाळ्या वाजवत होती.

ती काचेची पेटी कॉलेजच्या दारात अजून आहे. माझ्या नावाची पितळी पट्टीही आहे. आत मात्र निळी मखमल तेवढी आहे. कुणी विचारले तर ग्लेंडाच सांगते, "ती मैदानावर गेलीय." टॉबिनने माझ्या मुठीवर पुन्हा पट्टी गुंडाळली आहे. हिवाळ्यात त्याच्या टेबलावर मला तेल मिळते, आणि त्याची बायकोही कुरकुर करते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल. तिला चमकवून उंचावर ठेवू नका. पुसा, तेल लावा, पट्टी सुटली तर बांधा. आणि आपला हात थकला की ती दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. मग वर बघा. ऊन लागेल थोडे, पण बघा.