भाऊजींचं मशीन

डायलिसिसच्या खोलीत सगळ्यांच्या आधी यायची ती सिस्टर. आल्याआल्या पाणी शुद्ध करायचा प्लान्ट सुरू करायचा, मशीनं धुऊन घ्यायची, नळ्या जोडायच्या, चादरी बदलायच्या आणि मग बाहेरच्या बाकावर ताटकळलेल्या माणसांना एकेक करून वजनकाट्यावर उभं करायचं. पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरायला लागले होते. हाताखालची मुलगी लग्न करून गेली, तिच्या जागी कुणी आलंच नाही. त्यामुळे चारही मशीनं आणि त्यांना जोडलेली माणसं हिच्या एकटीच्या गळ्यात होती.

शेवटच्या मशीनवर तिचे मोठे दीर असायचे. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात उभा जन्म गेलेला, म्हणून सगळा गाव त्यांना पेंटर म्हणायचा. किडन्या कामातून गेल्या तेव्हा या भागात असलं मशीन कुठेच नव्हतं. आठवड्यातून तीनदा जीपमध्ये कोंबून घेऊन शहर गाठायचं, अर्धा दिवस मशीनवर पडायचं आणि पिळलेल्या फडक्यासारखं होऊन परतायचं. शेवटी पेंटरनीच पुढाकार घेतला. बरोबरच्या आजारी माणसांना गोळा केलं, साहेबलोकांचे उंबरे झिजवले, एकदा तर ओकारीची पिशवी हातात घेऊन सभेत उभे राहिले. मशीनं आली तेव्हा दारावरची पाटीही त्यांनीच रंगवली. पहिल्या दिवशी खाटेवर आडवे होत ते म्हणाले होते, "भावजयीला चारचौघांत सिस्टर म्हणायची सोय झाली बघ. घरी म्हटलं असतं तर बायकोनं वेड्यात काढलं असतं."

सुरुवातीची वर्षं बरी गेली. मग हृदय थकलं. मशीन सुरू होऊन जरा वेळ झाला की रक्तदाब घसरायचा, पोटऱ्यांत गोळे यायचे, डोळ्यांपुढे अंधारी. सिस्टर धावत जाऊन पाय वर करायची, सलाइन सोडायची, पोटऱ्या दाबायची. डॉक्टर तरुण होता, मन लावून काम करणारा. त्यानं शहरातल्या किडनीच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना व्हिडिओ कॉल लावून पडद्यावरून पेशंट दाखवला. त्यांच्या सांगण्यावरून वेळ वाढवली, अंगातलं पाणी हळूहळू काढायला लावलं, मशीनचं तापमान उतरवलं, नवी औषधं मागवली. दर बदलानंतर चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एका दुपारी पेंटरच्या हातातल्या सुया काढून सिस्टर त्या जागी बोळा दाबून बसली होती. रक्त थांबेपर्यंत हलता येत नाही. पेंटर छताकडे बघत म्हणाले, "आता पुरे करू या."

तिला वाटलं, आजच्यापुरतं म्हणताहेत. ती म्हणाली, "झालंच की. परवा या आता."

"परवाही नको," ते म्हणाले. "तू घरी सांग."

तिचा अंगठा तसाच दाबलेला राहिला. ती म्हणाली, "भाऊजी, हे माझं काम नाही. तुमचं तुम्ही सांगा ताईंना."

"मी सांगितलं तर ती रडेल. तू सांगितलंस तर भांडेल. भांडलेली बरी."

ते परवा आले, त्याच्या पुढच्या वेळीही आले, पण जोडून घेताना दर वेळी तिच्याकडे बघायचे. तिनं डॉक्टरला सांगितलं. त्याचा चेहरा पडला. मशीन नसतं तर गोष्ट वेगळी, आता असून नको म्हणायचं म्हणजे काय, असं तो म्हणाला. मग त्यानं स्वतः पेंटरपाशी बसून विचारलं, पुन्हा विचारलं, पडद्यावरच्या डॉक्टरीणबाईंनीही विचारलं. माणूस शुद्धीत होता, उदास नव्हता, फक्त दमला होता. बाईंनी आडपडदा न ठेवता पुढचं सांगितलं: थोडेच दिवस, झोप वाढत जाईल, धाप लागेल, पण त्यावर औषध आहे आणि ते घरी देता येईल. निर्णय पेशंटचा. घरच्यांना मात्र कळायला हवं.

ते कळवायचं घोंगडं सिस्टरच्या गळ्यात पडलं. संध्याकाळी घरी जाताना तिची पावलं जड झाली होती, आणि ती नुसत्या दुःखानं नाही हे तिला ठाऊक होतं. अंगठा दाबून बसली असताना तिच्या मनात एक विचार येऊन गेला होता: एक खाट हलकी होईल. क्षणभरच. पण येऊन गेला होता, आणि तेव्हापासून तो कुसळासारखा सलत होता.

दोन्ही भावांची घरं एका अंगणात होती. जाऊबाई धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. सिस्टरनं सांगितलं तसं त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक घडी पुरी केली आणि मग तोंड उघडलं.

"हे त्यांच्या डोक्यात कुणी भरवलं? तूच. तुझ्या हातांना कंटाळा आलाय आमचा."

परक्या माणसाला सिस्टरनं चार शब्दांत समजावलं असतं. इथे घाव बरोबर ठिकाणी बसला होता. तिचा नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो आपल्या पंप दुरुस्तीच्या दुकानात निघून गेला. नंतर तिला एवढंच म्हणाला, की दादा तुझ्याशी बोलतो तसा माझ्याशी कधी बोललाच नाही.

पुढच्या वेळी जाऊबाई पेंटरबरोबर दवाखान्यात आल्या. इतक्या वर्षांत त्या दाराच्या आत आल्या नव्हत्या, रक्त बघितलं की त्यांना भोवळ यायची. आज स्टूल ओढून खाटेशी बसल्या. सिस्टरनं सुया घातल्या तेव्हा भिंतीकडे बघितलं, नळ्या लाल झाल्या तेव्हा पदर तोंडाला लावला, पण उठल्या नाहीत. तास-दीड तास बरा गेला. पेंटरनी शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांची थोडी थट्टाही केली. मग कपाळावर घाम आला, पाय ताठले, आणि दात आवळूनही न थांबलेला एक आवाज त्यांच्या तोंडून आला. सिस्टर एका हातानं सलाइन सोडत होती, दुसऱ्यानं पोटरी दाबत होती. ती सवयीनं म्हणाली, "ताई, तो दुसरा पाय धरा."

जाऊबाईंनी धरला. दोघी बराच वेळ एकेक पाय दाबत राहिल्या. गोळे सुटले, पेंटरना ओकारी झाली, तोंड पुसून झालं. ते डोळे मिटून पडले.

"घरी हे असं कधी सांगितलं नाही तुम्ही," जाऊबाई त्यांना म्हणाल्या.

"सांगून तू काय करणार होतीस?"

जाऊबाईंनी मशीनकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. "बंद कर ते."

सिस्टर दिराकडे बघत राहिली. त्यांनी होकारार्थी मान हलवली. तिनं डॉक्टरला बोलावलं, त्यानंही एकदा विचारून घेतलं, आणि मग तिनं नळ्यांमधलं रक्त सावकाश त्यांच्या अंगात परत सोडलं. हे काम तिनं हजारदा केलं असेल. त्या दिवशी शेवटचा थेंब जाईपर्यंत ती नळीवर डोळे लावून होती.

घरी आल्यावर पेंटरनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तांब्याभर पाणी मागितलं. वर्षानुवर्षं त्यांना पाणी मोजून मिळायचं, उन्हाळ्यातसुद्धा ओठ ओले करण्यापुरतं. ते घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या आणि धाकट्या भावाला म्हणाले, "यासाठी तरी मशीन सोडायला हवं होतं." भाऊ हसला आणि हसता हसता उठून मोरीकडे गेला. त्या रात्रीपासून तो दुकानाला कुलूप लावून दादाच्या उशाशीच बसायला लागला.

सिस्टर ड्यूटीच्या आधी आणि नंतर येऊन इंजेक्शन देऊन जायची. डॉक्टरही येऊन बसायचा. जाऊबाई तिच्याशी कामापुरतं बोलत होत्या. एकदा चुलीपाशी चहा गाळताना त्यांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "खरं सांग. आला होता ना कंटाळा?"

खोटं बोलायचं त्राण सिस्टरच्या अंगात उरलं नव्हतं. "आला होता," ती म्हणाली.

जाऊबाईंनी गाळणी झटकली. "मलाही यायचा," त्या म्हणाल्या आणि कप तिच्यापुढे सरकवला.

पेंटर गेले ते दुपारी, झोपेतच. सिस्टर तेव्हा एका पेशंटच्या हातात सुई घालत होती. निरोप आला, पण बाकीची तिन्ही मशीनं चालू होती आणि माणसं जोडलेली. डॉक्टर म्हणाला मी बघतो, तुम्ही निघा. पण त्याला एकट्याला झेपणारं नव्हतं. मास्तरांचा रक्तदाब खाली-वर होत होता. ती थांबली. एकेकाला सोडवलं, बोळे दाबले, वजनं केली, प्रत्येकाला पुढच्या वेळेचं सांगितलं. मास्तरांनी तिचा हात धरला. मग हात धुऊन ती घरी गेली.

अंगणात माणसं जमली होती. तिनं आत जाऊन भाऊजींच्या पायांना हात लावला. सूज होती, पण पोटऱ्या मऊ पडल्या होत्या. ती भिंतीला टेकून खाली बसली. रडायला येईल असं तिला वाटत होतं. रडू आलं नाही, डोळे मात्र मिटले.

पुढचं तिला नवऱ्यानं नंतर सांगितलं. भरल्या घरात, मयताच्या खोलीत, ती बसल्या जागी गाढ झोपली. कुणीतरी चुलत सासू पुढे होऊन तिला हलवायला लागल्या, लोक काय म्हणतील म्हणून. जाऊबाईंनी त्यांचा हात बाजूला केला, तिच्या मानेखाली उशी सरकवली आणि म्हणाल्या, "झोपू द्या तिला."