दादांची लय

चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याची बैठक मोठी चमत्कारिक असते. श्रोते वेदीकडे तोंड करून बसतात, ऑर्गन त्यांच्या मागे वरच्या सज्जात, आणि वादक भिंतीएवढ्या नळ्यांकडे तोंड करून. म्हणजे ऐकणारे आणि ऐकवणारा एकमेकांना पाठ दाखवून असतात. कित्येक संसार याच पद्धतीने सुखाचे झालेले आहेत. खाली काय चाललंय हे कळावं म्हणून वादकाच्या डोक्यावर एक आरसा तेवढा टांगलेला असतो.

आज कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीपासूनच वादकाचे डोळे त्या आरशात अडकले होते.

"अहो, किती बघाल? झिजेल तो," बायको म्हणाली.

"दादा येणार नाही."

"वहिनींनी सांगितलंय, त्यांनी कोट काढून ठेवलाय."

"कोट काय, प्रवासालाही लागतो."

तेही खरंच होतं. परवा दादा मुलीकडे, समुद्रापलीकडे, कायमचा राहायला निघाला होता. तो गावातल्या दुसऱ्या चर्चचा निवृत्त वादक. याला, धाकट्या भावाला, बोटं कशी ठेवायची इथपासून त्यानेच शिकवलेलं. पण वडिलांच्या अंत्यविधीला धाकट्याने त्यांची आवडती संथ रचना वाजवली, आणि दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबांना एवढी घाई कधीच नव्हती." धाकटा म्हणाला, "तू वाजवली असतीस तर लोक उद्या घरी पोचले असते." त्या दिवसापासून दोघांनी तोंडं बंद ठेवली ती आजपर्यंत. जगात भाऊ जमिनीवरून भांडतात, हे दोघे लयीवरून. आज दादा आला नाही, तर हे भांडण बोटीत बसून जाणार आणि पुन्हा कधी मिटणार नव्हतं. म्हणून तर धाकट्याने तीच रचना सुरुवातीला ठेवली होती.

बायको डावीकडच्या स्टुलावर सरसावून बसली. ऑर्गनच्या दोन्ही बाजूंना लाकडी मुठींच्या रांगा असतात. एकेक मूठ ओढली की नळ्यांचा एकेक ताफा बोलू लागतो, कुठला बासरीसारखा मऊ, कुठला तुतारीसारखा. वादकाचे हातपाय गुंतलेले, म्हणून मुठी ओढायचं काम तिचं. नियम एकच होता. त्याने मान डोलावली की पुढच्या मुठी ओढायच्या. लग्नानंतर हिने पाळलेला हा एकमेव नियम, असं तो सांगे. एवढा एकच नियम शहाणा निघाला, असं ती सांगे.

त्याने सुरुवात केली. बासरीच्या मऊ नळ्या, खाली पायाच्या पट्ट्यांवर एक दबका खर्ज. बोटं वाजवत होती, पण जीव आरशात होता. दार उघडलं. आल्या त्या कुणीतरी खोकणाऱ्या बाई. दार पुन्हा उघडलं. छत्री. लय आपोआप पळू लागली. नेहमीसारखीच, असं दादा म्हणाला असता.

तेवढ्यात आरशात कोट दिसला. कोटाच्या आत दादा. वहिनीला पुढे घालून तो बाकाशी आला आणि त्याने मान वळवून थेट सज्जाकडे बघितलं.

धाकट्याने नकळत मान डोलावली. ये दादा, अशी.

बायकोने तुताऱ्या ओढल्या.

अख्खं चर्च दचकलं. धाकट्याने घाबरून जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. पण नियमात मान फक्त डोलत होती, तिला नकार माहीतच नव्हता. बायकोला वाटलं, घाई आहे. तिने उरल्यासुरल्या मुठीही ओढून टाकल्या.

आता बाकं थरथरू लागली. दगडी चर्चमध्ये इतका आवाज झाला की एक सूर विरायच्या आत दुसरा वाजवणं म्हणजे निव्वळ चिखल. थांबता येत नाही, पळता येत नाही. धाकट्याने मुकाट्याने प्रत्येक सुराला वाट करून दिली. घाम गाळत, दात आवळत, एकेक पाऊल मोजून टाकावं तसा तो शेवटाला पोचला.

मध्यंतरात जिन्यावर पावलं वाजली. दादा धापा टाकत वर आला.

"ऐकलंस एकदाचं," तो म्हणाला. आवाज जरा ओला होता. "हीच लय सांगत होतो मी."

बायकोने तोंड उघडलं. "अहो दादा, ते खरं म्हणजे माझ्या..."

"तू पाणी बघ गं दादासाठी," धाकटा घाईने म्हणाला. एवढ्या वर्षांचा अबोला फुकटात सुटत असेल तर सत्य थोडं थांबू शकतं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. लाज वाटत होती, पण दादा समोर उभा होता.

दादाने कोटाची गुंडी काढली. "फक्त जरा जास्तच संथ झालं."

"काय?"

"रेंगाळलास. मधे तर मला वाटलं, झोपलास की काय."

"जास्त संथ?" धाकटा उठून उभा राहिला. "हात बांधले होते माझे! चूक झाली हिची, मुठी ओढल्या सगळ्या, म्हणून तसं वाजवावं लागलं. नाहीतर मी माझ्याच लयीत वाजवणार होतो, कळलं?"

खाली पन्नासेक माना वर झाल्या होत्या.

दादाने आधी भावाकडे, मग भावजयीकडे पाहिलं. "म्हणजे सुधारला नाहीसच."

"नाही."

"वाटलंच मला. त्या गडगडाटात मन नव्हतं तुझं." दादाने उजवीकडचं स्टूल पायाने ओढलं आणि बसला. "पुढचं काय आहे?"

"द्रुत आहे."

"तुझं द्रुत की माणसांचं?"

खाली मध्यंतर संपल्याची घंटा झाली. दादा गुडघ्यावर बोटांनी लय देऊ लागला, धाकटा बाकाच्या कडेवर दुसरीच. कुणीच सुरू करेना. खाली लोक चुळबुळत होते, आणि बायको डावीकडच्या स्टुलावर बसून आता कुणाच्या मानेकडे बघायचं याचा विचार करत होती.