बिनक्लचची गाडी

गाडी घ्यायची ठरली आणि ललिताला कळलं की पुण्यात डॉक्टर कमी आणि गाड्यांचे जाणकार जास्त आहेत. कुणी म्हणालं, ऑटोमॅटिक ॲव्हरेज देत नाही. कुणी म्हणालं, सेकंडहँड म्हणजे विकतचं दुखणं. समोरच्या फ्लॅटमधल्या चैतालीबाईंनी तर स्वतःकडे सायकलसुद्धा नसताना अर्धा तास जिन्यात उभं राहून एअरबॅग समजावून सांगितल्या. ऐकून ऐकून ललिताचे कान किटले. अरे बाबांनो, हौस म्हणून कोण घेतंय इथे!

तिच्या नवऱ्याचा, अभयचा, डावा पाय साखरेनं नेला होता. गणपतीच्या सुमारास गुडघ्याखालून कापावा लागला. पाटबंधारे खात्यातली नोकरी, संपत आलेली रजा, आणि विश्रांतवाडीहून ऑफिसला रोज रिक्षा करायची म्हणजे पगार रिक्षावाल्यालाच द्यायचा. डॉक्टर म्हणाले, "उजवा पाय ठणठणीत आहे, बिनक्लचची गाडी घ्या. डाव्या पायाला तिच्यात कामच नसतं." खिसा बेताचा. म्हणून मग छोटी, जुनी, ऑटोमॅटिक.

पण नोकरीचं काय, निभावलं असतं कसंही. खरं संकट वेगळंच होतं. नसलेला पाय दुखत होता. अंगठा तव्यावर ठेवल्यासारखा भाजतोय, असं अभय सांगायचा आणि बोट दाखवायचा ते रिकाम्या चादरीकडे. डॉक्टरांच्या मते पाय गेल्याचं मेंदूला अजून कळलेलं नव्हतं. गोळ्या झाल्या, आरशासमोरचे व्यायाम झाले, गुण शून्य. ऑपरेशन झाल्यापासून माणूस सलग झोपला नव्हता. एका सकाळी चहाचा कप तसाच ठेवून तो म्हणाला, "ललिता, हे असंच राहणार असेल तर मला नाही जगायचं." आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. त्यामुळेच ती हादरली.

तर शनिवारी सकाळी ती, अभय आणि तिचा धाकटा भाऊ संतोष आळंदी रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या यार्डात गेले. संतोष दर दोन वर्षांनी गाडी बदलायचा, म्हणून घरात त्याचा शब्द शेवटचा. यार्डवाला तेजस, पांढरे बूट, तोंडात खडीसाखर. त्यानं बजेटात बसणाऱ्या दोन गाड्या दाखवल्या, एक निळी आणि एक चंदेरी. दोन्हींच्या नाकापुढे लिंबू-मिरची लटकत होती.

"आधी ते काढा," ललिता म्हणाली. "आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्याकडे लिंबू वरणावर पिळतात."

आधी निळी. बसलं की कृत्रिम पाय टोचायचा, म्हणून अभयनं तो काढला आणि बुटासकट मागच्या सीटवर, संतोषच्या शेजारी ठेवला. तेजस एक पाऊल मागे सरला, पण धंदा तो धंदा, हसू काही ढळू दिलं नाही. धानोरीपर्यंत जाऊन आले. गाडी शहाण्या मुलासारखी चालली. संतोष खूश.

मग चंदेरी. कृत्रिम पाय पुन्हा मागच्या सीटवर. "ही एएमटी आहे, सर," तेजस खिडकीतून म्हणाला. "क्लच हिच्यातही असतो. फक्त तो दाबायला तुमचा पाय लागत नाही. गाडीच दाबते."

"कुणाच्या पायानं?" अभयनं विचारलं. संतोष खो खो हसला. कितीतरी दिवसांनी अभय काहीतरी गमतीचं बोलला होता, म्हणून ललितालाही हसू आलं.

गाडी रस्त्याला लागली, पहिला गिअर बदलताना गचका बसला, आणि अभयनं श्वास आत ओढला.

"काय झालं?"

"इथे क्लच आहे गं," तो हळूच म्हणाला. "पायाखाली लागतोय."

ललितानं खाली पाहिलं. अभयच्या उजव्या पायाशेजारी काळं रबरी मॅट होतं, वर दुमडून पिन लावलेली पँट, मध्ये काही नाही. पुढे सिग्नल होता, गाडी मंदावली, आणि मॅट दबलं. आधी टाचेच्या जागी, मग पुढे चवड्याच्या जागी. गाडी पुढे निघाली तसं ते पुन्हा वर आलं. तिनं मान झटकन वळवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत बसली. एसीची हवा असेल, असं तिनं मनाला बजावलं. पण हवेला कुठे टाच असते?

यार्डात परतल्यावर अभयनं पाय चढवला, उतरून उभा राहिला आणि गोंधळल्यासारखा इकडेतिकडे बघू लागला. "दुखायचं थांबलं," तो म्हणाला. "एकदम."

त्या रात्री तो दुधाच्या पिशव्या दारात पडेपर्यंत झोपला. दुसऱ्या रात्रीही. गालांवर रंग आला, भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. देवाघरचं दान मिळाल्यासारखी ती कुरकुर ललितानं ऐकून घेतली. गोळ्या लागू पडल्या, असं अभय सगळ्यांना फोन करकरून सांगत होता. ललिता हो ला हो म्हणत होती. पाय कुठे राहिलाय ते तिला ठाऊक होतं, आणि ते कुणाला सांगण्याची सोय नव्हती.

संतोषचा निकाल आला. "ताई, चंदेरीचा गिअरबॉक्स आज जातो की उद्या असा आहे. डोळे मिटून निळी घे." अभयही तेच म्हणाला. ललिताला आनंदच व्हायला हवा होता. चंदेरी तिकडेच राहील, दुखणंही तिकडेच राहील, सुंठीवाचून खोकला गेला! पण निळी आणायला अभयलाच यार्डात जायचं होतं, आणि दोन्ही गाड्या तिथे एकमेकींना खेटून उभ्या होत्या. त्याला पाहून पाय परत आला तर? पुन्हा ती चादर, पुन्हा तो तवा. या वेळी हे सोसण्याचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

गाडी आणायच्या दिवशी बँकेचं काम सांगून ती आधीच एकटी यार्डात पोचली.

"ती चंदेरी जरा लांब उभी करता का हो?" तिनं तेजसला विचारलं.

"लांब कशाला, मॅडम? जातेच आहे. कळसला राहणाऱ्या एका मुलीसाठी तिच्या घरचे घेतायत. नुकतंच लायसन मिळालंय, शिकेल बिचारी हिच्यावर. दुपारी येतील."

कुणाची कोण ती पोर! सिग्नलला आपल्या पायाशेजारी मॅट आपोआप दबताना पाहील, आणि मग काय करेल? "किल्ली द्या," ती म्हणाली. "आमचं काहीतरी राहिलंय आत." तेजसनं दिली आणि फोनवर बोलत पत्र्याच्या ऑफिसात गेला.

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि दार लावून घेतलं. यार्डात ऊन रणरणत होतं, आत मात्र पावलांशी गारवा होता. बराच वेळ काही झालं नाही. मूर्ख आहेस तू ललिता, ती स्वतःशीच पुटपुटली. आजोबा असते तर कान उपटले असते.

तेवढ्यात तिच्या डाव्या घोट्याला काहीतरी चिकटलं.

कातडी होती ती. गार, खरबरीत. घोट्यावरून खाली सरकली, आणि तिला तिरकी करंगळी लागली. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी गॅसचा सिलिंडर पडून मोडलेली, कधीच धड न जुळलेली करंगळी. मग अंगठा लागला आणि तो भाजत होता. सगळा पाय थरथरत होता, सारखा आकसत होता, सुटत होता. इतके दिवस तो इथे, या बंद गाडीत, एकटाच दुखत होता.

ललिताची भीती गेली नाही. अंगावरचा काटा तसाच होता. पण त्या भीतीच्या वर तिला असं भडभडून आलं की ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. पंचवीस वर्षांच्या संसारातला पाय तो. परक्याच्या दारात कसा टाकून जाणार? आणि घरी नेणार तरी कुणाच्या जिवावर?

तिनं डोळे पुसले, चप्पल काढली आणि आपलं डावं पाऊल त्याच्याखाली सरकवलं.

"अहो," ती म्हणाली, "चला. त्यांच्याकडे परत नाही जायचं आता. माझ्याकडे या."

दुपारी अभयनं निळी गाडी यार्डातून बाहेर काढली. चंदेरीच्या शेजारून जाताना त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आळंदी रोडवर गर्दी होती, हॉर्न होते, एका रिक्षावाल्याला त्यानं झकास शिवी हासडली. "डॉक्टर खरं बोलत होते," तो म्हणाला. "डाव्या पायाला कामच नाही!" शेजारी बसलेल्या ललितानं दात आवळून ठेवले होते आणि ती पुढच्या बसचा नंबर वाचत होती.

सोसायटीत गाडी लावून ते जिन्याकडे निघाले. अभय काठी टेकत पुढे होता. पहिल्या पायरीशी त्यानं वळून पाहिलं.

"का गं, लंगडतेस का?"

"चप्पल चावली."

"एवढंच ना? उद्या नवी घेऊ," तो म्हणाला. इतका मोकळा हसला की तिला रडूच यायला झालं. "लक्ष्मी रोडला जाऊ. गाडी आहे आता आपल्याकडे."

"हो," ललिता म्हणाली, आणि कठडा धरून एकेक पायरी चढू लागली.