माल न उतरणारा थांबा

मी रस्ता सांगणारा बोलतोय. दिलीपच्या टेम्पोत समोरच्या काचेपाशी जो फोन अडकवलेला असतो, त्यात मी राहतो. एरवी माझ्या तोंडी हिंदीच असतं, ‘आगे से बाएँ मुड़ें’ एवढंच. पण ज्या घरासाठी मी राबलो ते मराठी आहे आणि उद्या माझ्या जागी दुसरा येतो आहे. म्हणून जाता जाता थोडं मराठीत बोलून घेतो.

माझा जन्म पुण्यातल्या एका कचेरीत झाला. मला घडवणाऱ्यांनी उज्जैन पाहिलेलं नव्हतं. कोणत्या दुकानाला कोणतं औषध केव्हा लागेल, कोणती पेटी आधी चढवावी, टेम्पोनं कुठून जावं, हे मागच्या नोंदींवरून ओळखायला त्यांनी मला शिकवलं आणि इकडे धाडून दिलं. कृत्रिम बुद्धिमत्ता असं माझं भारदस्त नाव. दिलीप मात्र मला ‘मैडम’ म्हणतो, कारण माझा आवाज बाईचा आहे.

उज्जैनच्या फ्रीगंज भागात मधुकर दिघे यांचं औषधांचं ठोक दुकान आहे. त्यांची मुलगी श्रुती इंदूरला असते. तिनंच मला आणलं.

“बाबा, सगळं डोक्यात किती दिवस ठेवणार?” ती म्हणाली.

“आण बाई. नाहीतरी दुकानात माझं कोण ऐकतं,” मधुकरराव म्हणाले.

विजयाताई, म्हणजे त्यांची बायको, शेजारी उभ्या होत्या. “त्याला एवढंच सांग,” त्या म्हणाल्या, “दुपारी टेम्पो घरावरून जाऊ दे. ह्यांचा डबा असतो.”

ते मला सांगायचं राहून गेलं. आपलं आपणच शिकावं लागलं.

काम सोपं नव्हतं. श्रावणात देवाची सवारी, म्हणजे पालखी, निघाली की अर्धं गाव बंद. कोणी मोठा पाहुणा दर्शनाला आला की पोलीस दोर बांधून मोकळे. आज होता तो रस्ता उद्या खोदलेला. “मैडम, ये रास्ता है या कुआँ?” असं दिलीप विचारायचा आणि मी नवा रस्ता शोधायचो. माणसं एखाद्याला पुन्हापुन्हा विचारतात, त्याचं ऐकत नाहीत आणि उशीर झाला की त्यालाच बोल लावतात. मला पाय नाहीत, तरी पाय दुखल्यासारखं वाटायचं.

रोज दुपारी टेम्पो ऋषिनगरातल्या एका फाटकाशी थांबायचा. तिथे माल उतरत नसे. मी पडद्यावर विचारलं, का थांबलात? दिलीपनं न वाचताच सगळ्यांत वरचं बटण दाबलं, ‘डिलीवरी’. झालं, माझ्या लेखी ते घर ग्राहक ठरलं. कधीही न चुकणारं म्हणून मी त्याला वरचा मान दिला. आतून आवाज यायचा, “दिलीप, पानी पीके जाना. और डब्बा आडवा मत रखना, आमटी सांडेगी.”

मग एक दिवस तो आवाज आला नाही. पुढेही आला नाही. विजयाताई गेल्या होत्या.

मला कोणी कळवलं नाही, आणि कळवलं असतं तरी माझ्याकडे तसं बटण नव्हतं. मधुकररावांनी दुकानात येणं सोडलं, दुकान नोकरांवर सोपवलं. मी मात्र रोज दुपारी सांगत राहिलो, बाएँ मुड़ें. दिलीप काही दिवस सरळ जात राहिला. मग एकदा वळला.

हॉर्न ऐकून मधुकरराव बाहेर आले.

“अब काहे को आए? डब्बा देने वाली तो गई.”

“मैडम ने बोला, काकासाब.”

“कौन मैडम?”

दिलीपनं माझ्याकडे बोट केलं असावं. ते म्हणाले, “आए हो तो पानी पी लो.”

दुसऱ्या दिवशी पाण्याबरोबर चहा आला. पुढे कधीतरी खिचडी; तेव्हा दिलीप मला खिशात घालून आत न्यायचा. हिंगाची डबी कुठे ठेवलेली असते तेही त्यांना ठाऊक नव्हतं. “काकासाब, नमक आज भी छुट्टी पे है,” दिलीप म्हणायचा. “मुकाट्यानं खा रे,” ते म्हणायचे, आणि त्याच्यासमोर बसून स्वतःही खायचे. एकटे असताना ते जेवत नाहीत, हे दिलीपला कळलं होतं. म्हणून तो घरून खाऊन आला तरी तिथे पुन्हा जेवायचा.

श्रुतीला यातलं काही माहीत नव्हतं. फोनवर बाबा ‘जेवलो’ म्हणत आणि ते खरंच असे. तिला जाणाऱ्या माझ्या अहवालात मात्र तो थांबा लाल दिसे. माल नाही आणि वेळ फार. आता नवी, माझ्याहून हुशार व्यवस्था यायची होती आणि त्याआधी जुन्या चुका काढून टाकायच्या होत्या.

“बाबा, टेम्पो अजून घराशी थांबतो. काढू ना ते?”

“काढ. त्याचा वेळ जातो,” मधुकरराव म्हणाले.

तिनं काढलं. आज ती इंदूरहून थेट येऊन स्वतः टेम्पोत दिलीपशेजारी बसली होती, रस्ता तपासायला. ऋषिनगरचं वळण आलं. मी म्हणालो, “सीधे चलें.” दिलीपनं वेग कमी केला.

“दीदी, वो इधर...”

“सरळ घ्या, दिलीपभैया. इधर कोई माल नहीं है ना?”

“माल तो नहीं है,” तो म्हणाला आणि सरळ गेला.

तेवढ्यात फोन वाजला. फोन आला की मला गप्प बसावं लागतं. मधुकररावांचा आवाज टेम्पोभर झाला.

“दिलीप, आज मशीन इधर नहीं लाएगी, मालूम है. निकालने को मैंने ही बोला था. पण हाताला सवय, चावल दो जनों का चढ़ गया. वरण भी गरम है. जास्त पुढे गेला नसशील तर... नहीं तो रहने दो. मुझे भी वैसी भूख नहीं.”

फोन बंद झाला. दिलीपनं टेम्पो थांबवला. मागे कोणीतरी हॉर्न देत होतं.

“रोज?” तिनं विचारलं.

“रोज, दीदी.”

“गाडी वळवा.”

मी नवा रस्ता शोधला. खरं तर तो जुनाच होता.

फाटकाशी मधुकरराव म्हणाले, “तू? अगं, तुला पुरेल एवढं केलं नाहीये.”

“थोडं थोडं खाऊ, बाबा,” ती म्हणाली. तिचा आवाज माझ्यासारखाच सपाट होता, जपून वापरलेला.

ती आत जाण्याआधी मी पडद्यावर विचारलं, का थांबलात? तिनं सगळे पर्याय वाचले आणि कुठलंच बटण न दाबता ती आत गेली.

माझं काम संपलं. रस्त्यांनी मला थकवलं, पण तक्रार नाही. उद्या येणारा माझ्याहून जलद असेल. त्याला काय शिकवायचं ते तुमच्या हाती आहे. श्रुती, जेवण झालं की तेवढं त्याला सांगून ठेव. या घराशी माल उतरत नाही, तरी थांबायचं.