उपडा टांगलेला डबा

मी चहा उकळायचा डबा बोलतोय. रंगानं काळा, एका अंगाला पोचा, कडी कुंपणाच्या तारेची. जन्मलो तेव्हा माझ्यात दुधाची पावडर होती आणि अंगावर गाईचं चित्र होतं. पावडर संपल्यावर म्हाताऱ्या पास्कोनं खिळ्यानं मला दोन भोकं पाडली, तार ओवली आणि डोंगरावरच्या झोपडीत आणून ठेवलं. गाय पहिल्याच हिवाळ्यात जळून गेली.

झोपडी फळ्यांची, वर पत्रा. उन्हाळ्यात पास्कोंची गुरं वर चरायला येतात तेव्हा ती पास्कोंची, एरवी जो येईल त्याची. दाराला कुलूप नाही. रीत एवढीच की निघताना चुलीशेजारची पेटी फोडलेल्या लाकडांनी भरायची, काड्यापेटी कोरडी ठेवायची आणि मला खुंटीला उपडं टांगायचं, म्हणजे माझ्यात उंदीर घर करत नाहीत.

एकदा कुणीतरी ही रीत पाळली नाही. त्या हिवाळ्यात म्हाताऱ्याचा मुलगा रॉय हिमवादळात सापडला आणि कसाबसा इथवर पोचला. पेटीत एक ढलपीसुद्धा नव्हती. बाक मोडून जाळावा म्हणून त्यानं खूप धडपड केली, पण बोटं चालेनात. मी चुलीवर होतो. त्यानं माझ्यात बर्फ भरून ठेवलं होतं. ते वितळलं नाही.

रॉयच्या मुलाला, कोलला, रॉयची बहीण एल्वा हिनं वाढवलं. दर उन्हाळ्यात ती त्याला वर आणी आणि परत निघताना विचारी, "पेटी बघितलीस?"

"भरली, आत्या."

"भरली म्हणजे? अजून दोन ओंडके मावतील. जा."

पुढे तिला विचारावं लागेना.

कोल चाळिशीला आला त्या वर्षी खाली दरीतल्या लाकूड गिरणीचा मालक लायनेल गॅरो गोळी लागून मेला. आदल्या संध्याकाळी दारूच्या दुकानात दोघांची जोरदार जुंपली होती. सकाळी कोल घरात नव्हता, त्याची बंदूकही नव्हती. त्यानंच मारलं का, मला माहीत नाही. माझ्यासमोर तो त्याविषयी कधी बोलला नाही.

मग पोलीस आले. घोडे आले, कुत्री आली, हेलिकॉप्टर आलं. शरद ऋतू सगळा त्यात गेला. रान दाट आणि कोल त्यातच वाढलेला. ओढ्याच्या पाण्यातून चाले, भूक लागली की सापळा लावून ससा पकडी. अंगावर कपडे वाळेनासे झाले की इथे येई, माझ्यात पाणी ठेवी, वरून निलगिरीचं एक पान टाकी आणि दोन्ही हातांनी मला धरून बसे. जाताना पेटी भरून जाई. अशा झोपड्या डोंगरात पुष्कळ. प्रत्येकीवर पहारा ठेवायला पोलिसांकडे माणसं नव्हती.

एका दुपारी दरीतला सार्जंट नेव्हिल टक साखळी आणि कुलूप घेऊन आला. एल्वा सोबत होती. तिनं आत येताच पेटीकडे पाहिलं. पेटी काठोकाठ होती. टकनंही ती पाहिली.

"एल्वाबाई, झोपडी बंद करायची आहे. वरून हुकूम आहे."

"या डोंगराच्या वर कोण राहतो रे?" एल्वा म्हणाली. "बस. इतके पोलीस आलात, एकाला धड चहा करता येत नाही. दे तो डबा."

टकनं मला खुंटीवरून काढून दिलं. तिनं पाणी उकळायला ठेवलं.

"त्याला निवारा मिळाला नाही तर तो खाली येईल," टक म्हणाला.

"किंवा येणार नाही. त्याचा बाप याच फळ्यांवर गारठून मेला, नेव्हिल. तुला जिवंत माणूस हवाय ना? मला तेवढंच हवंय. खटला चालव, तुरुंगात घाल. पण जिवंत आण."

"त्याच्याकडे बंदूक आहे. आमची माणसं घाबरलेली आहेत. त्यानं ती उचलली, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

टकनं चहा संपवला आणि कुलूप परत खिशात घातलं.

पहिलं बर्फ पडलं त्या रात्री कोल इथेच होता. उरलेली सगळी लाकडं जळाली. सकाळी पलीकडच्या कड्यावर कुत्री भुंकली. कोलनं वळकटी पाठीवर टाकली, मला टांगलं, बंदूक उचलली आणि दारात गेला. रान पन्नास पावलांवर होतं. तिथं तो थांबला. वळून रिकाम्या पेटीकडे पाहिलं. मग बंदूक माझ्याखाली भिंतीला टेकवून त्यानं कुऱ्हाड घेतली.

बर्फात कुऱ्हाडीचा आवाज दूरवर जातो. हे त्याला ठाऊक होतं.

"कुऱ्हाड टाक, कोल!"

"दोन ओंडके राहिलेत, सार्जंट."

"टाक म्हणतोय ना!"

त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली आणि हात वर केले. बंदूक आत होती. कोणालाही गोळी झाडावी लागली नाही.

तेवढ्यात धुकं उतरलं आणि हेलिकॉप्टर येईना. ओढा ओलांडताना एक शिपाई पाण्यात पडला होता, त्याचे दात वाजत होते. सगळे आत आले आणि कोलनंच फोडलेल्या लाकडांवर रात्रभर शेकले. चहा माझ्यात झाला, बेड्या घातलेल्या हातांनी कोलही प्याला.

सकाळी आभाळ मोकळं झालं. निघताना कोल म्हणाला, "पेटी रिकामी आहे."

"आता तुझं काय ते?" एक शिपाई म्हणाला.

"माझ्या बेड्या काढा, मी भरतो. नाहीतर तुम्ही भरा."

टकनं शिवी हासडली, कोट काढला आणि बाहेर गेला. बराच वेळ कुऱ्हाड चालली.

बर्फ वितळल्यावर एल्वा एकटी आली. पेटीत वेडेवाकडे, ओलसर तुकडे रचलेले होते. ते तिनं हातात घेऊन पाहिले. "नेव्हिल, लाकूड फोडलंस की कुरतडलंस?" ती हसली. मग बाकावर बसून बराच वेळ रडली. शेवटी उठून कुऱ्हाड घेतली आणि पेटी ओसंडेपर्यंत भरली.

कोल तुरुंगात आहे. एल्वा उन्हाळ्यात त्याला भेटून येते, मग वर येते. माझं बूड आता गंजलंय, शिवणीतून पाणी झिरपतं. एखादा हिवाळा निघेल. तुम्ही या बाजूला आलात तर दार लोटा, मला खाली काढा, चहा घ्या. आधी इथे कोण झोपलं होतं, ते विचारू नका. जाताना मात्र पेटी बघा. निम्मी नको.