साबातीनोचं पथ्य

माझ्या नवऱ्याची, साबातीनोची, मूत्रपिंडं जेमतेम चालत होती. प्रथिनं कमी केलीत तर डायलिसिस बरीच वर्षं टळेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. झालं, मी कंबर कसली. मांस, मासे, चीज बंद. पास्तासुद्धा औषधाच्या दुकानातला, बिनप्रथिनांचा. तो वेगळ्या पातेल्यात शिजवायचा आणि जरा नजर हलली की मेल्याची खळ व्हायची.

सासूबाई, राफाएलिना, शेजारच्याच गल्लीत राहायच्या. रविवारी पहाटेपासून त्यांच्याकडे टोमॅटोच्या रश्शात मांसाच्या गुंडाळ्या रटरटायच्या. चर्चमधून येताना लेकाने आईच्या पातेल्यात पाव बुडवून चव घ्यायची, ही आमच्याकडची रीत. मी हात जोडले, तेव्हा सासूबाईंनी मादोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, शपथ घेतली, की पोराला नुसता रस्सा देते, मांसाचा कणही नाही.

तपासणीला दिवसभराची लघवी साठवून नेली. डॉक्टरीणबाईंनी आकडे बघितले आणि माझ्याकडे वळल्या. लघवी खोटं बोलत नाही म्हणे, हा माणूस भरपूर मांस खातोय.

"बाई, तुम्हाला नवरा नकोसा झालाय का?"

साबातीनो बुटांकडे बघत बसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर म्हणाला, आईला नाही म्हणवत नाही. बायकोला बरं म्हणवत होतं!

पुढच्या हिवाळ्यात डायलिसिसचं यंत्र लागलंच. मग डॉक्टरीणबाईंनी पथ्यच उलटं केलं. यंत्रातून प्रथिनं वाहून जातात, तेव्हा आता मांस, अंडी, मासे पोटभर द्या. हे ऐकायला सासूबाई नेमक्या हजर. डायलिसिसच्या दुसऱ्या खेपेला त्या माझ्याआधी रश्शाचा डबा घेऊन पोचल्या आणि त्याला भरवत सगळ्या वॉर्डाला ऐकवू लागल्या.

"बघा, शेवटी डॉक्टरपण माझंच म्हणतात. हिने माझ्या पोराला उपाशी मारलं."

मी साबातीनोकडे बघितलं. त्याने एक शब्द बोलावा, एवढंच मला हवं होतं. दर रविवारी तो काय खायचा, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याने घास गिळला.

"एर्सिलिया, आईचं काय चुकलं? आधीच नीट खाऊ घातलं असतंस, तर ही वेळ आली नसती."

माझं काळीज जळून गेलं. हातात रुमाल होता, तो मी त्याच्या गळ्याशी नीट खोचला. रस्सा शर्टावर सांडला असता आणि शर्ट मलाच धुवायचा होता.