खोकल्याची नदी

"काकी, तुमच्या चिमणीला मुंग्या लागून राहिल्या," शेजारची संगिता दारातूनच कुरकुरली. "रॉकेलच्या दिव्याला मुंग्या! हे असलं आमच्याच घरी काहून?"

"बाटली नीट इसळली नसंल," निर्मलाबाई म्हणाली आणि तिनं चुलीकडं तोंड फिरवलं.

लोडशेडिंग सुरू झाल्यापासून तांड्यात घरोघर तिच्या हातची चिमणी होती. खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली, झाकणाला खिळ्यानं भोक, त्यात चिंधीची वात. बाटल्यांना तोटा नव्हता, कारण तिच्या कुलदीपला खोकला होता. तीन वर्षांपासून होता. आता नवल एवढंच, की त्याला अलीकडं खोकताना कुणी ऐकलं नव्हतं.

तो नांदेडहून चित्रकलेचा कोर्स करून आला ते २००१ साल. ओढ्यातले गोटे रंगवार लावायचा. पळसाच्या पानांचा लांबलचक साप करून पाण्यात सोडायचा. पाणी तो घेऊन गेलं की हा टाळ्या पिटायचा. हिंगोलीच्या शाळेतले तातेराव सर बघायला आले आणि म्हणाले, ही पर्यावरण कला. त्यावर कुलदीपचा बाप देवला निर्मलाबाईला म्हणाला, "तू रोज आंगण सारवतीस, तुला कुणी हार घातला का?" पण पेपरात फोटो आला तेव्हा दाराला खळीनं चिकटवला त्यानंच.

त्याच हिवाळ्यात पोराला खोकला झाला. तेव्हा खराच होता. "याडी, अजून एक झाकण दे," म्हणायचा, आणि कुठली आई लेकराला औषध नको म्हणंल?

पुढं पानं, गोटे मागं पडले. जवळा बाजारचा आठवडी बाजार मात्र चुकायचा नाही, येताना पिशवी खुळखुळायची. दिवसभर पेंगायचा, अंग खाजवायचा, भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच झोपायचा. चोविसाव्या वर्षी पुढचे दात काळे पडले. "कलावंताचं असंच असतंय," देवला म्हणायचा. "छातीत कफ हाय," निर्मलाबाई म्हणायची. तांडा दोघांनाही व्हय म्हणायचा आणि चिमणीसाठी रिकामी बाटली मागायचा.

२००४च्या उन्हाळ्यात ओढा आटला. कुलदीपनं कोरड्या वाळूत बाटल्या पालथ्या रोवून नदी केली. ऊन पडलं की पुराच्या गढूळ पाण्यासारखी हलायची. सुंदर होती, हेच वाईट. घरातल्या बाटल्या पुरल्या नाहीत तेव्हा बायकांनी आपापल्या चिमण्या रिकाम्या करून दिल्या. संगितानं मुंग्यांसकट दिली.

पर्यावरण दिनाला सर पाहुणे घेऊन आले. सतरंजी अंथरली, नारळ फुटला.

"या मुलानं गावोगावचा कचरा वेचला," सर सांगत होते. "आता ही नदी पुलापर्यंत न्यायची. अजून तीनशे बाटल्या. कुलदीप, दिवाळीपर्यंत होईल ना?"

बाभळीला टेकलेल्या कुलदीपची मान छातीवर पडली होती.

"बघा, कशी तंद्री लागलीय!" सर कौतुकानं म्हणाले. लोक हसले, टाळ्या पडल्या.

"व्हईल की सर, व्हईल," देवला म्हणाला.

तीनशे. निर्मलाबाईनं पोराच्या मनगटाकडं बघितलं. तिची बांगडी त्यावरून कोपरापर्यंत सहज चढली असती. ती उठली.

"सर, आता एकबी नको."

"का हो आई? वेचायला आपण शाळेतली मुलं देऊ."

"खाली बस, निर्मले," देवला दबक्या आवाजात म्हणाला. संगितानं पदर ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

"वेचल्या कुठं त्यानं? एकबी वेचली न्हाई, सर. समद्या पिल्या. नशा करून राहिलं माझं लेकरू. अन् पहिली बाटली झाकणानं मोजून मीच पाजली त्याला."